बलुतं ते कोड नंबर

जातीचा इतिहास आपण तोंडपाठ सांगतो. कामाच्या वर्गवारीचा इतिहास मात्र आपल्या पोरांना फारसा ठाऊक नाही. कुठलं काम कुशल आणि कुठलं अकुशल हे कोण ठरवतं? कधीपासून ठरवतं? सातारा आणि सांगली एवढ्यापुरता हा हिशेब मी इथं मांडतो. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं.

पहिली वर्गवारी बलुत्याची. पेशवाई बुडाल्यावर ग्रँट डफ हा ब्रिटिश अंमलदार साताऱ्यात येऊन बसला. १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात गावच्या बलुतेदारांची यादी आहे. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग... प्रत्येकाचं काम ठरलेलं, वाटा ठरलेला आणि वाट्याबरोबर पायरीही ठरलेली. १८७४ च्या वतन कायद्यानं तीच गोष्ट सरकारी शिक्क्याखाली आणली. बापाचं काम पोराच्या गळ्यात, आता कायद्यानं.

१८८५ साली सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात लोकांची वाटणी अशी: ब्राह्मण, लेखक, व्यापारी, शेतकरी, कारागीर, वाजंत्री, चाकर, मजूर, भिकारी. महार-मांगांचं खातं मात्र वेगळं, खालच्या जातींचं. आता बघा गंमत. मांग दोर वळायचा. त्या दोराशिवाय मोट चालत नव्हती, बैल बांधला जात नव्हता. तरी तो कारागिरांच्या खात्यात नाही! लाकूड तासणारा कारागीर आणि दोर वळणारा मांगच. म्हणजे खातं हाताच्या कामावरून ठरलंच नव्हतं, जन्मावरून ठरलं होतं. १८९१ च्या जनगणनेत बेन्सनं जाती परंपरागत धंद्याप्रमाणे लावल्या. १९०१ ला रिझलेनं त्यांना सामाजिक मानाचा क्रम दिला. उतरंड आता छापील झाली.

त्याच्या आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. या पोरानं पुढं ही उतरंड मुळापासून हलवली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. १९३६ साली त्यांनी मांडलं की जातीनं वाटणी झाली ती कामाची नव्हे, माणसांची. एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्ध संपत आलं होतं आणि लाखो शिपाई घरी परतणार होते. बेळगावला १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचे जवानही त्यात होते. या सगळ्यांना काम लावून द्यायला १९४५ साली बाबासाहेबांच्याच मजूर खात्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. खिडकीशी आलेल्या माणसाला विचारायचं ते 'कुणाचा?' हे नव्हे, 'काय येतं?' हे.

या प्रश्नाचं उत्तर देशभर एकाच भाषेत लिहायचं तर धंद्यांची यादी पाहिजे. अशी राष्ट्रीय व्यवसाय वर्गवारी १९५८ साली निघाली. हे साल ध्यानात ठेवा. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदाही १९५८ चाच. एकीकडे जन्मानं काम लादणारा कागद फाटला, दुसरीकडे कामाला जन्मापासून सोडवणारा कागद तयार झाला. दोन्ही एकाच साली.

ही वर्गवारी १९६८, २००४ आणि २०१५ साली सुधारली गेली. २०१५ च्या यादीत प्रत्येक धंद्याला आठ आकडी कोड आहे. पहिला आकडा विभागाचा. हाताच्या कसबाची कामं सातव्या विभागात. मिरजेचा सतार करणारा सातव्यात. कातडं कमावणारा आणि जोडे शिवणारासुद्धा सातव्यातच. कागदावर का होईना, ढोर-चांभाराचा हात सतारवाल्याच्या पंगतीला बसला. आयटीआयत कुठल्या ट्रेडच्या जागा किती काढायच्या, कुठल्या तालुक्यात कसले हात रिकामे आहेत, हे मोजायला हाच आकडा लागतो. हत्यार चांगलं आहे. पण हत्यार कुणाच्या हातात आहे ते पाहिलं पाहिजे.

पहिली गोम: पायऱ्या. सगळ्यात खाली नववा विभाग, साध्या कामांचा. झाडूवाला नवव्यात. शेती आखून करणारा बागायतदार सहाव्यात, कुशल; त्याच्याच फडात ऊस तोडणारा नवव्यात. वाळव्याच्या नाही तर कराडच्या फडात जाऊन बघा. कोयता बुडाशीच बसला पाहिजे, कारण साखर बुडात असते. वर खुंट राहिला तर नुकसान. वाढं नेमकं कुठं छाटायचं, मोळी कशी बांधायची, ती पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढायची! आणि याला म्हणायचं साधं काम?

दुसरी गोम: कौशल्याची पातळी शाळेच्या वर्षांवर मोजली. २००४ च्या वर्गवारीत वरच्या पातळीला पंधरापेक्षा जास्त वर्षांचं शिक्षण धरलं होतं. लेखक दुसऱ्या विभागात, म्हणजे या वरच्या पातळीत. आता वाटेगावचे अण्णाभाऊ साठे घ्या. त्यांनी शाळा दीड दिवसाची केली असं सांगतात. 'फकिरा' मात्र लिहिली. कुठल्या पातळीवर बसवणार त्यांना?

तिसरी गोम कायद्यातली. रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवण्याची सक्ती १९५९ च्या कायद्यानं केली. पण शेतमजुरी, घरकाम आणि ऑफिसातलं अकुशल काम त्यातून वगळलं. अकुशल म्हणजे कोण? शिपाई, पहारेकरी, झाडूवाला. जिथं आपले लोक दाटीनं होते, नेमकी तीच दारं वगळली.

माझ्या चुलत्यानं तीस वर्षं गवंडीकाम केलं. ओळंबा लावल्याशिवाय त्यानं एक वीट ठेवली नाही. एका खिडकीवर कारकुनानं त्याचं आडनाव ऐकलं आणि 'मजूर' लिहून मोकळा झाला. गवंडी सातव्यात, मजूर नवव्यात. एका शब्दात माणूस दोन विभाग खाली ढकलला. त्या यादीत जात नव्हती, लेखणीत होती.

आणि आता हे नवीन. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. धंदे अठरा: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू करणारे... ग्रँट डफची यादी शेजारी ठेवून वाचा. हत्यारासाठी पंधरा हजार मिळतात, कर्ज मिळतं. ज्याचं पोट त्या धंद्यावर आहे त्यानं ते जरूर घ्यावं, कुणी लाजायचं कारण नाही. पण भर बापजाद्यांच्या धंद्यावर. तमिळनाडू सरकारनं २०२४ साली याच मुद्द्यावर योजना नाकारली. ज्या यादीत तीन हजारांवर धंदे आहेत, ती असताना आपल्या पोराला अठराच का दाखवायचे?

म्हणून कामाला लागा. जातीची गणना करायचं केंद्रानं ३० एप्रिल २०२५ ला ठरवलं. धंद्याचा प्रश्न जनगणनेत असतोच. जात आणि धंद्याचा कोड हे दोन आकडे जिल्हावार एकत्र छापा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. नवव्या विभागात कोण आणि पहिल्या-दुसऱ्यात कोण, हे त्याशिवाय उघडं पडणार नाही. आयटीआयच्या जागाही त्यावर ठरल्या पाहिजेत.

तोवर वस्तीत जा. काय काम करता म्हणून विचारलं की आपली म्हातारी माणसं सवयीनं सांगतात, 'मोलमजुरी.' त्यांच्याशेजारी बसा. गवंडी असेल तर गवंडी लिहायला लावा, वायरमन असेल तर वायरमन, ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हर. लिहिणारा काय लिहितो ते वाकून बघा. चुकलं असेल तर तिथंच खोडायला लावा.