मानमोडीच्या साथीची मरणसंख्या : खुल्या छापील साधनांचा विचार

मराठी संशोधकास साधनें म्हटलीं म्हणजे पत्रें, शकावल्या, महजर व कैफियती चटकन आठवतात. आरोग्यखात्याचे वार्षिक अहवाल आणि खानेसुमारीचीं कोष्टकें हींही अस्सल साधनें आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. हे ग्रंथ पूर्वीं मोजक्या संग्रहांत कुलुपबंद असत, हें त्याचें एक कारण. ती अडचण आतां बरीच दूर झाली आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासासंबंधींचे सरकारी अहवाल छायांकित करून संगणकावर सर्वांस मोफत खुले केले आहेत. जुन्या खानेसुमारीचीं कोष्टकें भारताच्या महानिबंधकांच्या संकेतस्थळावर मिळतात. साधन हातीं आलें, तें वाचावें कसें हा प्रश्न उरला. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या उदाहरणानें तो मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या साथीस आपल्या लोकांनीं मानमोडी हें नांव दिलें होतें.

साथीचा वृत्तांत थोडक्यांत असा. १० जून १९१८ रोजीं मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें इस्पितळांत आले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती. ती पहिली लाट पुढील लाटेच्या मानानें सौम्य ठरली. सप्टेंबरांत दुसरी आली ती काळरूप होती. मुंबई शहरांत ६ ऑक्टोबर या एका दिवशीं ७६८ मृत्यु नोंदले गेले. त्या सालीं पावसानेंही दगा दिला होता. महागाई व दुष्काळ अशा स्थितींत ही साथ देशावर पसरली. मेलीं तीं विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचीं माणसें, आणि त्यांतही पुरुषांहून बायका अधिक.

एकंदर किती मेलीं? हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीं १९१९ सालच्या प्राथमिक अहवालांत सुमारें ६० लक्ष ही संख्या दिली. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालानें ती १ कोटी २० ते ३० लक्षांवर नेली. १९८६ सालीं मिल्स यांनीं १ कोटी ७० ते ८० लक्ष असा अंदाज केला. आणि २०१२ सालीं सिद्धार्थ चंद्र व त्यांचे सहकारी यांनीं केवळ ब्रिटिश प्रांतांपुरती सुमारें १ कोटी ३९ लक्ष ही संख्या काढली. साठ लक्ष कोठें आणि पावणेदोन कोटी कोठें ! इतका फरक पडला तरी या सर्वांच्या मुळाशीं त्याच काळच्या मरणनोंदी व त्याच खानेसुमाऱ्या आहेत. तेव्हां त्या नोंदी जन्मास कशा आल्या, हें पाहणें भाग आहे.

खेड्यांतील मृत्यूची नोंद गांवकामगार करीत. रोग ओळखणारा डॉक्टर तेथें क्वचितच असे. अहवालांतील रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि इतर सर्व कारणें. इन्फ्लुएंझास यांत घर नव्हतें. मानमोडीनें मेलेला मनुष्य बहुधा तापाच्या रकान्यांत गेला, क्वचित् श्वसनविकारांत. जो संशोधक संगणकावर इन्फ्लुएंझा हा शब्द घालून शोधूं लागेल, त्यास साथीचीं वर्णनें भरपूर सांपडतील, पण खेड्यांतले मृत सांपडणार नाहींत. त्यानें १९१८ च्या अखेरच्या महिन्यांतील एकंदर मृत्यु घ्यावे आणि आधींच्या कांहीं वर्षांतील त्याच महिन्यांची सरासरी त्यांतून वजा करावी. बाकी राहील ती साथीची अधिक मरणसंख्या. मात्र त्या आधींच्या वर्षांत प्लेगाचा कहर असेल तर सरासरीच फुगते व बाकी उणी निघते. म्हणून कोणतीं वर्षें घेतलीं व कां घेतलीं हें प्रत्येकानें स्पष्ट लिहिलें पाहिजे.

याहून मोठा दोष निराळाच आहे. घरेंच्या घरें अंथरुणास खिळलीं, तेथें खबर देणारा कोण? आणि खबर आली तरी नोंदणारा स्वतः तापानें पडलेला किंवा मेलेला असेल तर वही कोरीच राहावयाची. म्हणजे मरण जेथें अधिक तेथेंच नोंद तुटण्याचा संभव अधिक. ऑक्टोबर १९१८ मध्यें एखाद्या गांवचा आंकडा लहान दिसला, तर तें गांव वांचलें असें समजण्यापूर्वीं शेजारच्या गांवांचे आंकडे पाहावे.

येथें खानेसुमारीचा उपयोग होतो. १० मार्च १९११ व १८ मार्च १९२१ या दोन गणतींमध्यें सबंध हिंदुस्थानची वस्ती ३१ कोटी ५० लक्षांवरून ३१ कोटी ९० लक्षांवर गेली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतें पाहिलें तर ती २५ कोटी २१ लक्षांवरून २५ कोटी १३ लक्षांवर आली. संस्थानांतील मरणनोंदी अपुऱ्या होत्या, पण खानेसुमारी तेथेंही झाली होती, हा तिचा विशेष लाभ. तथापि खानेसुमारींतील तूट म्हणजे सगळे मृतच असें नव्हे. तरणींताठीं माणसें गेल्यामुळें जीं मुलें जन्मासच आलीं नाहींत तींही त्या तुटींत आहेत. गांव सोडून शहरांत गेलेलेही आहेत. मरणनोंद व खानेसुमारी हे दोन साक्षीदार, आणि दोघांचीही उलटतपासणी अवश्य आहे. यंत्रानें वाचून दिलेल्या अक्षरांवरही विसंबूं नये. तिनाचा आठ झालेला प्रस्तुत लेखकानें पाहिला आहे. मूळ पानाचें छायाचित्र उघडून आंकडा ताडून घ्यावा.

हा विचार केवळ शंभर वर्षांमागचा नव्हे. भारतांत नोंदले गेलेले मृत्यु २०१९ सालीं सुमारें ७६ लक्ष, २०२० सालीं ८१ लक्ष व २०२१ सालीं १ कोटी २ लक्ष होते. या वाढींत करोनाच्या साथीचा वांटा किती व नोंदणी सुधारल्याचा किती, हा वाद त्याच जुन्या वजाबाकीचा वाद आहे.

आपल्या प्रांतापुरतें एक साधन अद्याप अस्पर्श आहे. गांव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत गांवच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी असत. त्यांतील पुष्कळ मोडींत आहेत. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां तहसील कचेऱ्यांतील हीं दप्तरें सोडलीं गेलीं आणि अनेक जिल्ह्यांनीं त्यांतील पानांचीं छायाचित्रें आपापल्या संकेतस्थळांवर ठेविलीं. जातीच्या दाखल्यासाठीं उघडलेल्या वहींत १९१८ सालचीं मरणेंही नांवनिशीवार असावयाचीं, हा योग मोठा विलक्षण आहे. पण हीं पानें निवडून काढलेलीं आहेत : ज्यांवर कुणबी हा शब्द आढळला तींच वर आलीं. तेवढ्यांवरून गांवची मरणसंख्या काढणें चुकीचें होईल; बाजूस राहिलेल्या पानांवरचे महार, माळी, ब्राह्मण, मुसलमान त्या बेरजेंत येणार नाहींत. त्यासाठीं एका तालुक्याच्या १९१४ ते १९१९ पर्यंतच्या सबंध वह्या, कोऱ्या पानांसह, छायांकित व्हावयास पाहिजेत. मोडी वाचणारे अजून आहेत, तोंवर हें काम होण्याजोगें आहे.