एचडीडब्ल्यू पाणबुडी-प्रकरण

पश्चिम जर्मनीतील कील येथील होवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट (एचडीडब्ल्यू) या जहाजबांधणी कंपनीवर दलालीचा व शस्त्रबंदी मोडल्याचा आरोप आल्यामुळे मुंबईच्या माझगाव गोदीतील पाणबुडीनिर्मितीस दीर्घकाळ खीळ बसली, ते प्रकरण.

११ डिसेंबर १९८१ च्या करारनाम्यान्वये २०९ वर्गाच्या चार पाणबुड्या ठरल्या. पैकी ‘शिशुमार’ व ‘शंकुश’ कीलमध्ये, तर ‘शल्की’ व ‘शंकुल’ माझगावात बांधावयाच्या होत्या. पाण्याचा प्रचंड दाब सोसणाऱ्या पोलादी कवचाची कडी एकमेकांस जोडताना वेल्डिंगचा सांधा क्ष-किरणांनी तपासून घ्यावा लागतो आणि त्यात सूक्ष्म पोकळी आढळली तरी तो उकरून पुन्हा भरावा लागतो. ही विद्या नकाशांतून येत नाही, ती कारागिराच्या हातात वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरते, आणि तिच्यासाठीच माझगावची माणसे जर्मनीत शिकून आली होती.

त्याच सुमारास, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीस शस्त्रे पुरविण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९७७ मध्ये मनाई केलेली असताना, एचडीडब्ल्यूने व ल्यूबेकच्या आयकेएल या आरेखन-संस्थेने २०९ वर्गाच्याच पाणबुडीचे आराखडे सरकारी परवान्यावाचून त्या राजवटीस विकल्याचे नोव्हेंबर १९८६ मध्ये उघड झाले. जर्मन संसदेने चौकशी समिती नेमली, परंतु कीलमधील दंडाची कार्यवाही १९८८ मध्ये थांबविण्यात आली; इतक्या गंभीर कृत्याचा असा निकाल लागणे खेदजनक होय.

१९८७ च्या आरंभी बॉनमधील भारतीय वकिलातीची तार आली : पुढील दोन, म्हणजे पाचव्या व सहाव्या, पाणबुड्यांची किंमत कमी होणे शक्य नाही, कारण सात टक्के दलाली द्यावयाची आहे. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ९ एप्रिल रोजी चौकशीचा हुकूम दिला व १२ एप्रिल रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९० मध्ये गुन्हा दाखल केला. मात्र पुढे पुराव्याअभावी तपास बंद झाला.

या व्यवहाराची खरी किंमत विक्रेत्यांनी नव्हे, गोदीने मोजली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि ‘शंकुल’ २८ मे १९९४ रोजी नौदलात दाखल झाली. पाचवी व सहावी मात्र मुळीच बांधली गेली नाही, आणि एवढ्या सायासाने घडविलेले कसबी हात इतर कामांकडे पांगले. दलालांचा शोध अवश्य घ्यावयास हवा होता, परंतु त्यापायी गोदीचे काम तोडणे अपरिहार्य नव्हते. २००५ मध्ये फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा माझगावास कवच जोडण्याची विद्या बव्हंशी नव्याने शिकावी लागली; त्यांतील पहिली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली.