रविवारची गाडी, सोमवारची गाडी

रोज सकाळी सातच्या सुमारास मी हॉर्शमहून वर्दिंगला कामावर निघतो. अंतर बत्तीस किलोमीटर. रस्ता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे जाणारा ए-२४. वाटेत वॉशिंग्टन नावाचं एक खेडं लागतं. त्याच्याजवळचं गोलचक्र ओलांडलं की साउथ डाउन्सच्या टेकड्या सुरू होतात, मग फाइंडन मागे पडतं आणि आभाळ स्वच्छ असेल तर समोर समुद्राची करडी रेघ दिसते. माझी गाडी माझदा एमएक्स-५. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. पाऊस असो, धुकं असो, जानेवारीतला काळोख असो, जायचं ते हिनेच. घरात दुसरी गाडी नाही.

या गाडीबद्दल मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला साताऱ्याहून येतो : "दोनच सीटं? मग आम्ही आलो की बसायचं कुठे?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही, मी हसून वेळ मारून नेतो. दुसरा इथले सहकारी विचारतात : "छान आहे गाडी. आणि रोजची कोणती?" म्हणजे स्पोर्ट्स कार ही रविवारची, सोमवारसाठी निराळी काहीतरी असणारच, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. या गृहीतकाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा मी रोज ज्या गावी जातो त्या वर्दिंगमध्येच घडला. मला तो इथे राहायला आल्यावर कितीतरी वर्षांनी कळला.

छोटी, हलकी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी ही मुळात इंग्रजांची चीज. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन कर्जबाजारी होता. परकीय चलनासाठी जे जे विकता येईल ते परदेशी पाठवायचं, असं सरकारचं धोरण होतं. एमजी कंपनीने १९४५ मध्ये टीसी नावाची गाडी काढली. रचना युद्धापूर्वीचीच, स्टिअरिंग फक्त उजव्या बाजूला. एकूण गाड्या बनल्या जेमतेम दहा हजार. पण युद्धकाळात ब्रिटनमध्ये राहून गेलेल्या अमेरिकी सैनिकांना या जातीच्या गाड्यांची चटक लागली होती. डाव्या बाजूला बसून लांबलचक गाड्या हाकणाऱ्या देशात ही चिमुकली उजव्या हाताची गाडी पोचली आणि तिने तिथे एक हौस रुजवली. त्या हौसेवर पुढची तीस वर्षं ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, लोटस आणि स्वतः एमजी यांनी धंदा केला. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या एकाच गाडीचे पाच लाखांहून जास्त नग बनले आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिकेला गेला.

पण या गाड्या दाखवायच्या आणि मिरवायच्या. इंजिनाखाली तेलाचा डाग नसेल तर तेल संपलं असेल, हा त्यांच्या मालकांचाच विनोद. दमट हवेत वायरिंग रुसायचं, टपाच्या शिवणीतून पाणी यायचं. मालक रविवारी बाह्या सरसावून बॉनेटखाली डोकं घालायचा आणि सोमवारी दुसऱ्या गाडीने कामावर जायचा. प्रेम होतं, पण भरवसा नव्हता. कारखान्यांमध्ये नव्या रचनेसाठी पैसा नव्हता, तेव्हा तीच गाडी वर्षानुवर्षं निघत राहिली. अमेरिकेने सुरक्षेचे नियम कडक केले, त्यांना उत्तर म्हणून १९७४ पासून एमजीबीला काळे रबरी बंपर बसवले गेले आणि तिची उंची वाढवली गेली. मग वळणावर ती झुकायला लागली. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला, त्याच वर्षी ट्रायम्फ स्पिटफायरही थांबली. मोटारधंद्यातल्या शहाण्या माणसांनी निष्कर्ष काढला की या गाडीचा काळ संपला.

तो निष्कर्ष ज्यांनी मानला नाही त्यांत बॉब हॉल हा एक अमेरिकन मोटार-पत्रकार होता. १९७९ मध्ये जपानमध्ये त्याची माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी गाठ पडली. माझदाने पुढे काय करावं, असं यामामोतोंनी विचारलं. हॉलने फळ्यावर आकृती काढून सांगितलं, साधी, स्वस्त, उघड्या टपाची हलकी गाडी करा. आता कुणी करत नाही. यामामोतोंनी ते मनात ठेवलं.

ज्या कंपनीला हॉल हे सांगत होता तिचा जन्म शौकातून झालेला नव्हता. १९२० मध्ये हिरोशिमात बूच तयार करणारा कारखाना म्हणून ती सुरू झाली. १९३१ पासून तिने मालवाहू तीनचाकी गाड्या बनवल्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा कारखाना आणि स्फोटाचं केंद्र यांच्या मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती, म्हणून इमारती बऱ्याचशा वाचल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून पुन्हा तीनचाकी गाड्या बाहेर पडू लागल्या. राख झालेल्या शहरात धान्य आणि लाकूड वाहायला त्या लागत होत्या. टोकियोत इंजिनिअर झालेले यामामोतो युद्धानंतर याच कारखान्यात गिअरबॉक्स जोडण्याच्या कामावर लागले. ज्यांच्यासाठी गाडी म्हणजे रोज सकाळी सुरू झालीच पाहिजे अशी वस्तू होती, त्या लोकांकडे आता इंग्रजांची रविवारची गाडी आली होती.

पुढे यामामोतोंना एक ट्रायम्फ स्पिटफायर देण्यात आली आणि हाकोनेच्या डोंगरातून ते ती चालवत टोकियोला गेले. म्हणजे इंग्लंडमध्ये मेलेल्या गाडीनेच त्यांचं मन वळवलं. १९८४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. कंपनीत तोवर दोन गट झाले होते. जपानमधल्या रचनाकारांचं म्हणणं, इंजिन मध्ये ठेवा किंवा पुढच्या चाकांना ताकद द्या, तेच आधुनिक. कॅलिफोर्नियातल्या गटात आता हॉलही नोकरीला होता. त्यांचं म्हणणं, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, टप कापडी, जुनीच मांडणी. शेवटी कॅलिफोर्नियाची मांडणी पसंत झाली.

आणि मग चालवून बघण्याजोगा पहिला नमुना बनवायचं काम आलं वर्दिंगला. इथल्या इंटरनॅशनल ऑटोमोटिव्ह डिझाइन या कंपनीने १९८५ मध्ये तो तयार केला. फायबरग्लासचं अंग, आणि इंजिन माझदाच्याच एका साध्या कुटुंबी गाडीतलं. नमुना कॅलिफोर्नियाला गेला आणि त्या ऑक्टोबरात सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरला. लोक थांबून बघू लागले, ही कुठली गाडी म्हणून विचारू लागले. पुढच्या वर्षी हिरोशिमाने प्रकल्पाला पक्की मंजुरी दिली.

प्रकल्पाची सूत्रं तोशिहिको हिराई यांच्याकडे होती. त्यांनी उद्दिष्ट म्हणून एक जपानी शब्द धरला : जिनबा इत्ताई, स्वार आणि घोडा एक होणं. मला हे समजायला जपानी यावी लागली नाही. आपल्याकडे घोड्यावरच्या बैठकीला 'मांड' म्हणतात. मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही. या गाडीत ती मांड जागोजाग दिसते. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे. तिच्यामुळे पायाने ॲक्सिलरेटर दाबणं आणि मागची चाकं ढकलली जाणं यांत ढिलेपणा राहत नाही. गिअरची दांडी आखूड, नुसतं मनगट हलवलं की तिसरा पडतो. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं.

हिरोशिमाच्या माणसांचं खरं शहाणपण मला दुसऱ्या गोष्टीत दिसतं. पहिल्या गाडीचं १.६ लिटरचं इंजिन कंपनीच्या रोजच्या कुटुंबी गाडीच्याच घराण्यातलं होतं. ताकद ११६ अश्वशक्ती, म्हणजे फार नाहीच. आनंद जिथून येतो ते भाग त्यांनी नव्याने आखले आणि भरवसा जिथून येतो ते भाग ओळखीचे ठेवले. १० फेब्रुवारी १९८९ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. बघायला साठच्या दशकातल्या लोटस इलानची धाकटी बहीण, पण किल्ली फिरवली की सुरू होणारी. टप एका माणसाने बसल्या जागेवरून मागे टाकावा असा, आणि पावसात न गळणारा. शिक्षक, नर्स, पोस्टमन अशी माणसं ती घेऊन कामावर जाऊ लागली. २००० मध्ये ५,३१,८९० गाड्यांनिशी जगातली सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. तिचं यश पाहून बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शे सगळ्यांनी नव्वदच्या दशकात दोन आसनी उघड्या गाड्या काढल्या. १९९५ मध्ये एमजीनेही काढली. चेल्याकडून गुरूने धडा घेतला.

माझ्या मते एमएक्स-५ चा शोध 'रोज' हा आहे. वेग नाही, देखणेपणही नाही, ते आधीही होतं. शौकाची वस्तू मंगळवारी सकाळी पावसात वापरता येणं, हे नवीन होतं. आपल्या घरांत चांगली भांडी पाहुण्यांसाठी फडताळात असतात आणि आपण जेवतो चेपलेल्या ताटात. कुणीतरी चांगलं ताट रोज काढायचं ठरवलं, असं काहीसं हिरोशिमात झालं.

माझी गाडी २०१५ पासून विकल्या गेलेल्या चौथ्या पिढीतली. मधल्या पंचवीस वर्षांत सगळ्या गाड्या फुगल्या. हिच्यासाठी मात्र इंजिनिअरांनी एकेका सुट्या भागातून ग्रॅम ग्रॅम कमी केले, आणि ही पहिल्या पिढीपेक्षाही आखूड आहे, वजन हजार किलोंच्या आसपास. डिकी १३० लिटरची. आठवड्याचा बाजार मावतो, तांदळाची मोठी गोणी शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसते.

इथवर सगळं छान आहे. पण हिशेब करायला बसलो की अडतं. जाऊन-येऊन चौसष्ट किलोमीटर, लिटरला सोळा धरले तर रोज चार लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोज नऊ किलोंच्या वर. रविवारची एमजीबी महिन्यातून दोनदा टेकडीपर्यंत जाऊन येते, तिच्या धुराची कुणी दखलही घेऊ नये. ज्या 'रोज'साठी मी ही गाडी थोर मानतो, नेमकं तेच आता परवडणारं नाही. खिशाला परवडतं, हवेला नाही.

ब्रिटनने २०२० मध्ये जाहीर केलं की नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री २०३० मध्ये थांबेल. २०२३ मध्ये मुदत २०३५ वर ढकलली, २०२५ मध्ये पुन्हा २०३० वर आणली, हायब्रिडना पाच वर्षं जास्त. असलेल्या गाड्या चालवायला बंदी नाही. दरम्यान एमजीचं नाव चिनी कंपनीकडे गेलं. साताऱ्याच्या माझ्या चुलतभावाकडे एमजी आहे, ती ऐसपैस एसयूव्ही. एमजी ही कधीकाळी दोन आसनी गाड्यांची कंपनी होती, हे त्याला मी सांगितलं तर पटेना. त्याच एमजीने सायबरस्टर नावाची विजेवर चालणारी दोन आसनी उघडी गाडी काढली आहे. ती मी बघून आलो. वेग घेण्यात माझ्या गाडीच्या कितीतरी पुढे, धूर नाही. वजन अठराशे किलोंच्या वर. बॅटरीचं ओझं आहे ते. सोमवार तिने जिंकला आहे, यात शंका नाही. मांडीखाली काय वाटतं, हे मात्र मला विचारू नका.

हॉर्शमहून वर्दिंगला रेल्वेने जाता येतं. मध्ये गाडी बदलावी लागते, वेळ जवळपास दुप्पट लागतो. इतकी वर्षं हे कारण मला पुरेसं वाटायचं. या मार्चपासून मंगळवारी आणि गुरुवारी मी रेल्वेने जातो. डबा घेतो, पुस्तक घेतो, फलाटावर कुडकुडतो. फार मोठा त्याग नाही आणि त्याने हवामान सुधारणारही नाही, पण हिशेबाची वही उघडल्यावर ती मिटून ठेवणं मला जमलं नाही.

परिणाम मी धरला होता त्यापेक्षा वेगळाच झाला. शुक्रवारी सकाळी गाडीचं दार उघडताना आता जरा सणासारखं वाटतं. टपावरचं दव पुसताना मी जास्त वेळ लावतो. परवा तर पावसाची चिन्हं बघून तिला घरीच ठेवावं, असंही एकदा मनात आलं. पूर्वी असं कधी वाटलं नव्हतं. वर्दिंगला बनलेल्या त्या नमुन्याने जी गाडी सोमवारी आणली, तिला मी माझ्या हाताने पुन्हा रविवारकडे नेतो आहे. बहुधा तेच बरोबर आहे. परवा मी तिला पावसातच काढली.