कवितेचे माप कोणाच्या हाती?

आपल्या मार्केट यार्डात आज काट्यावर आकडा उमटतो. पण धान्य पायलीने मोजले जाई तेव्हा मापाडी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि पुढची मोजणी एका ठेक्यात चाले. तो ठेका त्याला कोणा ग्रंथाने शिकविला नव्हता. कवितेचे मापही असेच कानाने येते, की त्याचे शास्त्र शिकावे लागते, याविषयी आपल्या कवींत एकमत झालेले नाही.

शास्त्राच्या बाजूचे मोठे नाव पुण्याचेच. फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकविणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे रविकिरण मंडळाचे माधव जूलियन (१८९४–१९३९), यांनी १९२७ साली ‘छंदोरचना’ प्रसिद्ध केली आणि १९३७ साली ती पुष्कळ वाढविली. अक्षरसंख्येवर चालतो तो छंद, मात्रांवर चालते ती जाती, लघुगुरूंच्या ठराविक क्रमाने चालते ते वृत्त, अशी त्यांनी विभागणी केली. शार्दूलविक्रीडिताचा अभ्यास पूर्वीही होत होता. पण जात्यावरच्या ओवीतही नियम आहे आणि तो विद्वानाने शोधण्याजोगा आहे, हे मानणे मला फार मोलाचे वाटते.

मंडळाच्या कवितेची थट्टा अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये १९२५ सालीच केली होती. मात्र थट्टा करणाऱ्यालाही वृत्त चोख यावे लागते, हे त्या पुस्तकाइतके दुसऱ्या कशाने पटत नाही!

पुढे कवी अनिलांनी ‘भग्नमूर्ती’ (१९४०) मुक्तछंदात लिहिली. वृत्ताची चौकट त्यांनी मोडली, लय सोडली नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) लिहिणारे नारायण सुर्वे गिरणगावात वाढले. शास्त्राची गरज नाही म्हणणारे त्यांचेच नाव पुढे करतात. पण सुर्व्यांनी आधी चळवळीत गाण्याजोगी गीते लिहिली होती, हे ते विसरतात. कान आधीच घडलेला होता.

ज्याचा कान असा घडला नाही आणि ज्याला महाविद्यालयही लाभले नाही, त्याने काय करावे? सुरेश भटांनी त्याच्यासाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. काफिया, रदीफ, वृत्त, सारे नवशिक्याला कळेल अशा भाषेत. माप एकाच बाजूला कळत असले म्हणजे व्यवहारात काय होते, हे संघटनेच्या कामात मी रोज पाहतो. म्हणून ही पुस्तिका मला केवळ कवितेची वाटत नाही. ‘छंदोरचना’ मला पहिल्या खेपेस झेपली नव्हती. ‘बाराखडी’ मात्र पोत्यांच्या थप्पीला टेकून, ‘गालगागा’ बोटांवर मोजीत, एका दुपारी वाचून झाली. त्यानंतर ‘छंदोरचना’ पुन्हा उघडली.