घोड्यांची वाट

दक्षिण फ्रान्समधील लांगदोकच्या द्राक्षमळ्यांतून ‘कनाल द्यु मिदी’ या कालव्याच्या काठाने सायकलस्वार जातात, ती वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांची. मीठकर वसूल करणारे पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये राजाज्ञा मिळवून हा २४० किलोमीटरचा कालवा हाती घेतला. मजुरांना रविवारी, सणांना अन् पावसातही वेतन मिळे. त्या काळी हे नवलच! रिके १६८० मध्ये कर्जात निवर्तले. पुढच्याच वर्षी कालवा खुला झाला. बेझिए येथे त्यांचा पुतळा आहे. आम्हांस मात्र मातीच्या पाट्या वाहणाऱ्या तिथल्या बायाच अधिक आठवतात. पुढे मद्याच्या पिंपांची वाहतूक रेल्वेने हिरावली. काठावरच्या चिनारवर्गीय वृक्षांना २००६ मध्ये बुरशीरोग आढळला. हजारो झाडे तोडली गेली. सायकलस्वारांच्या डोक्यावरची सावली आता नव्या रोपांनी धरायची आहे.