महाग लॅपटॉप आणि बारीकशी खोट

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय काय पाहतो, हे आपणांपैकी पुष्कळांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तो दात बघतो, खूर बघतो, बैल चार पावले चालवून घेतो. मग पाठीवरून हात फिरवून भोवरा कोठे आहे तेही पाहतो. भोवरा म्हणजे केसांचे एक वळण. त्याने नांगर ओढण्यात काडीचाही फरक पडत नाही. तरी नको त्या जागी भोवरा निघाला की किंमत उतरते. खोड मात्र वेगळी. बैल मारका असणे, भर शेतात जुवाखाली बसकण मारणे, ही खोड. ती बाजारात दिसत नाही, घरी आणल्यावर कळते. भोवरा आणि खोड यांतला हा भेद मनात धरून ठेवा, कारण आज आपणांस मी एका वेगळ्याच खरेदीकडे नेणार आहे.

लॅपटॉप आता खेडोपाडी पोचला आहे. शाळेत आहे, पतपेढीत आहे, मुंबई-पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या पिशवीत आहे. त्यांतले काही लाख-दीड लाख रुपयांचे असतात. माझ्या ओळखीच्या एका माध्यमिक शिक्षकांनी असा एक लॅपटॉप साठवलेल्या पैशांतून घेतला. घरी येऊन उघडतात तो झाकण एका कोपऱ्यात नखभर पुढे आलेले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदाराने बटण दाबले, पडदा उजळला, आणि तो म्हणाला, “मास्तर, मशीन चालतंय ना? मग झालं तर!” मास्तर परत आले, पण झाकण उघडताना रोज त्यांची नजर त्या कोपऱ्यावर जाते. दुकानदार बरोबर की मास्तर बरोबर? हा वाद लॅपटॉपपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१८५१ साली लंडनच्या काचमहालात मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने एका इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारे यंत्र मांडले होते. याच गृहस्थाने त्याआधी दहा वर्षे, १८४१ मध्ये, स्क्रूच्या आट्यांचे एक ठरावीक माप सुचविले होते. मोजमाप इतके बारीक झाल्यावर एक नवीच गोष्ट ध्यानात आली. कोणतीही दोन नगे अगदी सारखी कधीच होत नाहीत! तेव्हा कारखान्याने आधीच ठरवावयाचे, की एवढा फरक चालेल, याहून अधिक चालणार नाही. या मुभेला यंत्रशास्त्रात सहनमर्यादा म्हणतात. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक वस्तू थोडीशी चुकलेलीच असते. किती चुकू द्यावयाची, हा पैशाचा प्रश्न असतो, कारण मर्यादा जितकी आवळावी तितकी बाद होणारी नगे वाढतात आणि खर्च चढतो.

त्याच १८५१ साली जॉन रस्किनच्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. रस्किन म्हणजे ज्यांचे ‘अनटू धिस लास्ट’ हे पुस्तक गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्ग ते दरबान या आगगाडीच्या प्रवासात वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरविले, तेच. रस्किनचे म्हणणे व्हिटवर्थच्या नेमके उलट होते. निर्दोष सफाईचा हट्ट धरणे म्हणजे कारागिराला यंत्र करून टाकणे. हाताच्या कामात जी ओबडधोबड जागा राहते, तीत माणूस दिसतो, असे ते म्हणत. हे मत मला फार प्रिय आहे, पण ते लॅपटॉपला लावता येत नाही. तिरके बसलेले झाकण पाहून आपणांस कोणा कारागिराचा हात आठवत नाही. तेथेही जुळणी करणारे हात असतात, हजारो असतात; पण त्या हातांची खूण वस्तूवर राहू नये अशीच सारी व्यवस्था असते. जेथे माणसाची खूण पुसून टाकण्याचेच पैसे घेतलेले आहेत, तेथे चूक राहिली तर ती नुसती चूक होय.

आता प्रत्यक्ष लॅपटॉपकडे वळू. आरंभीच्या यंत्रांना रूपाची फिकीर नव्हती. १९८१ चे ‘ऑसबोर्न १’ हे उचलून नेण्याजोगे संगणकयंत्र वजनाला सुमारे ११ किलो, आणि दिसायला पेटीत घातलेल्या शिवणयंत्रासारखे. किंमत १,७९५ डॉलर. त्याच्या झाकणाची फट कोणी मोजली असेल असे वाटत नाही. यंत्र उचलता येते हेच नवल होते. पुढच्याच वर्षी ‘ग्रिड कंपास’ आला: मॅग्नेशियम धातूचे कवच, वहीसारखे मिटणारे अंग, आणि किंमत तब्बल ८,१५० डॉलर. अमेरिकेच्या अंतराळयानातूनही तो गेला. परंतु त्याचे घेणारे मजबुतीला पैसे मोजत होते. १९९२ मध्ये आयबीएम कंपनीचा काळा ‘थिंकपॅड ७००सी’ आला तेव्हा मात्र त्यामागे रिखार्ड झापर या नामवंत रचनाकाराचा हात होता, आणि जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याची कल्पना सुचली होती. म्हणजे रूपाचा विचार सुरू झाला होता. तरीही काळ्या डब्यावर ओरखडा पडला तर घेणारा फारसा हळहळत नसावा.

खरे वळण २००० सालच्या सुमारास आले. ॲपल कंपनीने त्या वर्षी जुलैत ‘क्यूब’ नावाचा संगणक बाजारात आणला. तो लॅपटॉप नव्हता, मेजावरचा होता. पण आपल्या विषयाचे मूळ तेथे सापडते म्हणून थोडे थांबतो. पारदर्शक ॲक्रिलिकच्या घनात यंत्र जणू अधांतरी ठेवले आहे, असे त्याचे रूप. किंमत १,७९९ डॉलर. लोकांनी घरी नेला, आणि काहींना त्या निर्मळ कवचात केसासारख्या रेषा दिसल्या. तडे गेले म्हणून ओरड झाली. कंपनीचे उत्तर असे की, हे तडे नव्हेत. साच्यात रस ओतताना उमटणाऱ्या या ओघाच्या रेषा आहेत. उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नसेल. आपणही मातीचे मडके वाजवून घेतो, आणि नाद खणखणीत आला तर अंगावरच्या रेघेकडे दुर्लक्ष करतो. परंतु क्यूब नाद ऐकून विकला गेला नव्हता. तो काचेसारखा नितळ दिसतो म्हणूनच विकला गेला होता! जे दाखवून गिऱ्हाईक बोलावले, त्यातच उणे निघाले. जुलै २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. किंमत जास्त आणि त्या मानाने काम बेताचे, हे कारण रेषांपेक्षा मोठे होते, हे मान्य केले पाहिजे. आज तोच क्यूब न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

त्यानंतर रूप हाच मालाचा एक भाग ठरला. जानेवारी २००१ मध्ये टायटॅनियमच्या पत्र्याचा, एक इंच जाडीचा ‘पॉवरबुक’ २,५९९ डॉलरला आला. वापरता वापरता त्याच्या कडेच्या रंगाचे टवके उडू लागले, काहींच्या बिजागऱ्या मोडल्या. २००३ मध्ये त्याच्या जागी ॲल्युमिनियम आले. २००८ च्या ऑक्टोबरात तर ॲल्युमिनियमची एकच वीट कोरून अखंड अंग काढण्याची रीत सुरू झाली. सांधेच नाहीत, तर फट कोठून दिसणार? आणि येथे एक गंमत झाली. अंग जितके सफाईदार, तितका बारीकसा दोष डोळ्यांत खुपू लागला. मळक्या घोंगडीवरचा डाग कोण बघतो? परीटघडीच्या धोतरावर मात्र शाईचा एक थेंब पुरतो. म्हणून नव्या यंत्रांबद्दलची कुरकुर ऐकून, माल पूर्वीपेक्षा वाईट येतो, असे अनुमान कोणी काढू नये.

कारखान्याची मुभा किती असते, याची दोन मापे देतो. शिक्षकांना वर्गात उपयोगी पडतील. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा जुना पडदा घेतला तर ते ७,८६,४३२ ठिपके होतात. २००१ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने पडद्यांचे वर्ग पाडले. त्यांतल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे २ कायमचे उजळलेले, २ कायमचे काळे, आणि ठिपक्यांच्या रंगीत अंशांचे ५ दोष चालतील असे ठरले होते. एकही दोष नको असेल तर पहिला वर्ग. त्याचे दाम अर्थातच वेगळे. दुसरे माप २०१९ च्या जानेवारीतले. ॲपलचा पाटीसारखा पातळ ‘आयपॅड प्रो’ नवाकोराच वाकलेला निघतो, अशी तक्रार झाली. कंपनीने कळविले, की कोणत्याही बाजूच्या लांबीत ४०० मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे ०.४ मिलिमीटरचा, फरक आमच्या मर्यादेत बसतो. वस्तूची एकूण जाडीच ५.९ मिलिमीटर. मर्यादा कंपनीने ठरविली, मोजलीही तिनेच. मात्र विकत घेणाऱ्याला हा आकडा आधी कोणी सांगितलेला नव्हता. माझा आक्षेप आहे तो या न सांगण्यावर.

सगळेच भोवरे मात्र भोवरे राहत नाहीत. २००६ साली निघालेल्या पांढऱ्या ‘मॅकबुक’चे झाकण मिटले की त्याच्या कडेचे उंचवटे खालच्या प्लॅस्टिकवर दाबले जात, आणि तेथे आधी रेघ, मग तडा, मग टवका असा क्रम लागे. २०१५ मध्ये काही महागड्या पडद्यांवरचा चकाकी घालविणारा थर निघून डाग पडू लागले. त्या ऑक्टोबरात पडदे फुकट बदलून देण्याची योजना निघाली. त्याच वर्षी आलेल्या अतिपातळ कळफलकाची गोष्ट याहून बोलकी आहे. कळेखाली धुळीचा कण गेला की अक्षर उमटेना, नाहीतर दोनदा उमटे. आपल्या गावच्या उन्हाळ्यात असे यंत्र किती दिवस टिकले असते ते बघा! २०१८ च्या जूनमध्ये मोफत दुरुस्ती जाहीर झाली, २०१९ च्या अखेरीपासून जुन्या पद्धतीच्या कळा परत येऊ लागल्या, आणि अमेरिकेतील दाव्यात कंपनीने २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आज दिसलेली खोट महिन्याने तेवढीच राहिली, तर तो भोवरा. ती वाढत असेल, तर ती खोड. झाकण पहिल्या दिवसापासून तिरके असेल तर चालू द्यावे की नाही हा मनाचा प्रश्न. पण पहिल्या दिवशी सपाट असलेला तळ सहा महिन्यांनी फुगला, बोट फिरवावयाची पट्टी वर उचलली गेली, किंवा झाकण मिटेनासे झाले, तर आतली लिथियमची बॅटरी फुगलेली असण्याचा संभव मोठा. तेथे ‘चालतंय ना’ म्हणू नये. यंत्र बंद करावे, विजेला लावू नये, दाबू-टोचू नये, आणि जाणत्याकडे न्यावे. अशा बॅटरीने पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

पण भोवऱ्याच्या बाबतीत मास्तरांना काहीच हक्क नाही काय? येथे न्यायालयांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. इंग्लंडात सुमारे १६,००० पौंडांची एक नवी रेंज रोव्हर गाडी घेणाऱ्याने परत केली. तिच्या इंजिनात आणि गिअरपेटीत दोष होते, अंगाच्या कामातही होते. खालच्या न्यायालयाने म्हटले, गाडी रस्त्यावर चालते ना, मग ती विकण्यालायक आहे. आमच्या दुकानदाराचेच हे तर्कशास्त्र! १९८७ च्या निर्णयसंग्रहात नोंदलेल्या अपिलात वरिष्ठ न्यायालयाने ते फिरविले. एवढी किंमत देणारा नुसता येथून तेथे जाण्यासाठी देत नाही. सुखाने जाण्यासाठी आणि गाडीच्या आतल्या-बाहेरच्या रूपाचा अभिमान वाटावा यासाठीही देतो, असा त्याचा आशय होता. १९९४ च्या कायद्याने तेथे वस्तूचे रूप, सफाई आणि बारीक दोषांपासून मुक्तता, या गोष्टी गुणवत्तेतच मोजल्या जाऊ लागल्या.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. कायद्याने, कराराने, किंवा विकणाऱ्याने स्वतः दावा केला असेल त्याप्रमाणे जी गुणवत्ता असावयास हवी, तीत कोणतीही उणीव वा अपूर्णता असणे म्हणजे दोष. यांतला ‘दावा’ हा शब्द मास्तरांच्या कामाचा आहे. जाहिरातीत केसभरही फट नसलेले अंग दाखविले असेल, तर ती जाहिरात जपून ठेवावी. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तसेच १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो, की घेणाऱ्याने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवे होते अशा दोषाची हमी गृहीत धरली जात नाही. बैलाचा भोवरा बाजारात हात फिरवून पाहिला असेल तर मागाहून बोलता येत नाही, तसेच हे. लॅपटॉपची पेटी मात्र बंद येते. ती दुकानदाराच्या देखत, दारातल्या उजेडात उघडावी. झाकणाच्या चारी बाजू, बिजागऱ्या, तळ सपाट बसतो की डुगडुगतो, आणि पडदा एकदा पूर्ण पांढरा व एकदा पूर्ण काळा करून ठिपके पाहावेत. खोट दिसली तर पावतीवर तिथेच लिहून घ्यावी, आणि पैसे त्यानंतर मोजावेत.