वहाणा काढून केलेला माज

अजून नीट फटफटलेलं नाही. अथेन्सला, अॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लाकडी बाकांवर तुम्ही जागा धरून बसला आहात. इसवी सन पूर्व 458, वसंत ऋतू, डायोनायसस देवाचा उत्सव. मागे वळून पार्थेनॉन शोधू नका. त्याचं बांधकाम सुरू व्हायला अजून 11 वर्षं आहेत. वर टेकडीवर 480 साली पर्शियन फौजेने देवळं जाळली, त्याच्या खुणा आहेत. दगडी प्रेक्षागृहही शंभरेक वर्षं दूर आहे, तेव्हा बुडाखाली काहीतरी जाड घ्या.

शेजारचा म्हातारा सुकी अंजिरं पुढे करतो. घ्या. त्याचा धाकटा आरमाराबरोबर इजिप्तला गेलाय, हे तो न विचारताच सांगेल.

समोरच्या इमारतीच्या छपरावर कुणीतरी आडवं पडलंय. तो तोंड उघडतो तेव्हा कळतं, नाटक सुरू झालं. ट्रॉय पडल्याची खूण म्हणून डोंगरामागून डोंगर पेटत येणाऱ्या जाळाची हा पहारेकरी वर्षभर वाट बघतोय. नाटक इस्किलसचं, 'अॅगमेम्नॉन'. लिहिणारा स्वतः मॅरेथॉनला लढलेला. त्याचा भाऊ तिथेच पडला.

म्हाताऱ्यांचा कोरस गात आत येतो. ट्रॉयला निघालेली हजार गलबतं आउलिसच्या बंदरात अडकली होती, वारा विरुद्ध होता. वारा फिरावा म्हणून अॅगमेम्नॉनने पोटच्या पोरीला, इफिजेनियाला, वेदीवर चढवलं. तिला करडासारखं उचललं, तिने शाप देऊ नये म्हणून तोंड बांधलं. अंजीर तुमच्या हातातच राहतं. पुढे कोरस युद्धदेवाला सराफ म्हणतो: धडधाकट माणसं घेतो, बदल्यात राखेचे कलश घरी पाठवतो. शेजारचा म्हातारा खाली बघतो. अथेन्समध्ये हे नुसतं गाणं नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वीच इथल्या एरेख्थेइस या एका जमातीने आपल्या मेलेल्यांची नावं दगडावर कोरून घेतली. एकाच वर्षात सायप्रस, इजिप्त, फिनिशिया, हालिएइस, एजिना, मेगारा. नावं पावणेदोनशेच्या घरात. अशा जमाती दहा.

आता अॅगमेम्नॉन स्वतः येतो. रथात, मागे लुटीतली कसांड्रा. दारात त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा (मुखवट्याआड अर्थातच पुरुष) दासींना खूण करते आणि रथापासून दारापर्यंत गर्द जांभळट-लाल कापड अंथरलं जातं. सगळीकडे कुजबुज. हा रंग समुद्रातल्या शंखांपासून निघतो. 1909 साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 12,000 शंख फोडले तेव्हा त्याला जेमतेम 1.4 ग्रॅम रंगद्रव्य मिळालं. त्या रंगाच्या कापडावर पाय!

अॅगमेम्नॉन थबकतो, आणि मला वाटतं सगळं नाटक या थबकण्यात आहे. हा मान देवांचा, मला माणसासारखं वागवा, म्हणतो. ती विचारते, ट्रॉयचा राजा प्रायम जिंकला असता तर त्याने काय केलं असतं? तो चालला असता, हा कबूल करतो. आणखी दोन-चार वाक्यं, आणि ट्रॉय जिंकणारा गडी बायकोपुढे नमतो. मग तो काय करतो बघा: कुणा देवाची दृष्ट लागू नये म्हणून आधी पायातल्या वहाणा काढायला सांगतो. त्याला सगळं कळतंय. कळूनही तो चालतो, फक्त जरा हळू पावलांनी.

पाठ्यपुस्तकं याला 'अहंकार' म्हणून मोकळी होतात. तो शब्द मला फार सभ्य वाटतो. ग्रीकांचा 'ह्युब्रिस' मनातल्या भावनेपुरता नव्हता. दुसऱ्याची अब्रू तुडवण्यात मजा घेणं म्हणजे ह्युब्रिस, आणि अथेन्सच्या कायद्यात त्यासाठी खटला भरता येई. खाऊन मस्तावलेल्या जनावरालाही ते हाच शब्द लावत, भलत्याच फोफावलेल्या रोपालाही. मराठीत नेमका शब्द आहे: माज. बैल माजतो, तण माजतं, माणूसही माजतो. कापडाची नासाडी हा अॅगमेम्नॉनचा त्यातला लहान गुन्हा. मोठा आउलिसला झाला होता, आणि त्याचा हिशेब ठेवणारी बाई आत दाराशी उभी आहे.

दार बंद होतं. कसांड्राला आतलं सगळं आधीच दिसतं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये हा अपोलोचा शाप. थोड्या वेळाने आतून किंकाळी येते, मग आणखी एक.

उन्हं वर आली आहेत. याच कथेची अजून दोन नाटकं उरलीत. यंदाचं पहिलं बक्षीस इस्किलसच नेणार आहे. म्हातारा डोळे पुसतो, नाटकाची तारीफ करतो आणि उरलेली अंजिरं तुमच्याकडे सरकवत पुन्हा इजिप्तच्या आरमाराबद्दल बोलू लागतो. गहू किती येईल, लूट किती मिळेल.

चार वर्षांनी, 454 साली, ते आरमार नाईलच्या प्रदेशात संपलं; गेलेल्यांपैकी थोडेच परतले. त्याच सुमारास अथेन्सने मित्रराज्यांची सामाईक तिजोरी डेलॉस बेटावरून उचलून आपल्या शहरात आणली.